प्रश्न काय विचारलाय, ते आधी वाचू या

(पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांना नाव घातलेल्या कार्यकर्त्या मैत्रिणींसाठी दोन दिवसांचे लेखन-शिबिर झाले. त्यातील पहिल्या सत्रातले हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक गट)



सकाळी ओळखीच्या फेरीत प्रत्येकीने सांगितलं, किती वर्षं संघटनेत आहे, कुठल्या वस्तीत काम करते, कुठल्या कोर्सला नाव घातलंय. इथपर्यंत आवाज खणखणीत. आणि मग शेवटचं वाक्य आवाज खाली आणून, "पण ताई, लिहायचं काही जमत नाही." एकीने म्हटलं, दुसरीने म्हटलं, मग जवळजवळ सगळ्यांनीच म्हटलं. ज्या बायकांनी पाण्यासाठी तहसीलदारांना दारात उभं केलंय, ज्यांनी रात्री अकराला पोलीस ठाण्यात बसून तक्रार लिहून घ्यायला लावलीय, त्या बाराशे शब्दांच्या असाइनमेंटला घाबरतात. मला हसू नाही आलं. कारण मीही अशीच घाबरत होते, आणि नुसती घाबरले नाही, तर सणकून आपटले. ते पुढे सांगते.

आधी एवढंच विचारते, आपण हे शिकायला आलो कशाला? ज्ञानासाठी, हे खरंच आहे. पण दुसरंही खरं आहे, ते लाजण्यासारखं नाही. समुपदेशन केंद्रात जागा निघते, जाहिरातीत समाजकार्याची पदव्युत्तर पदवी मागतात. पंधरा वर्षं बायकांच्या केसेस अंगावर घेतलेली बाई बाहेर बाकावर, आणि काल पास झालेली मुलगी खुर्चीत. त्या मुलीचा यात काही दोष नाही, ती शिकली. आता आपणही शिकू. वय झालेल्यांना, शाळा सुटलेल्यांना दार उघडावं म्हणूनच तर मुक्त विद्यापीठं निघाली. १९८५ साली इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ निघालं, १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. त्याच्या कितीतरी आधी, १९१६ साली, कर्व्यांनी बायकांचं विद्यापीठ काढलं, तेच आजचं एस.एन.डी.टी. म्हणजे दारं आहेत. पण दाराच्या आत गेल्यावर पहिल्याच महिन्यात हातात एक कागद पडतो. कोणी त्याला गृहपाठ म्हणतं, कोणी स्वाध्याय, कोणी असाइनमेंट. आणि तो कसा वाचायचा हे कोणी सांगत नाही. ज्यांच्या घरात दोन-तीन पिढ्या कॉलेजात गेल्या, त्यांना ते जेवताना-खाताना ऐकून माहीत असतं. आपल्या घरात जेवताना ज्या गोष्टी होतात त्यात हे नसतं. आपल्याला जमत नाही याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं.

त्या कागदाकडे दुर्लक्ष करूनही चालत नाही. इग्नूच्या बहुतेक अभ्यासक्रमांत गृहपाठाला ३० टक्के वजन असतं आणि सत्रान्त परीक्षेला ७०. नेहमीच्या कॉलेजांतही आता अंतर्गत मूल्यमापन आहेच. परीक्षेत तीन तासांत हात दुखेपर्यंत लिहावं लागतं. असाइनमेंट घरी बसून, पुस्तक उघडं ठेवून लिहायची असते. खरं तर हा आपल्या फायद्याचा भाग आहे.

आता माझी फजिती. फळ्यावर प्रश्न लिहिलाय तो बघा. ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ च्या अंमलबजावणीतील अडचणींची चिकित्सक चर्चा करा. शब्दमर्यादा १२००.’ पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी मला हाच प्रश्न आला होता. कुठल्या संस्थेत ते सांगत नाही, कारण दोष त्यांच्या एकट्यांचा नव्हता. मला प्रश्न बघून आनंदच झाला. म्हटलं, हे तर आपलं रोजचं काम! ‘कौटुंबिक हिंसाचार’ हे दोन शब्द दिसले आणि मी लिहीतच सुटले. हिंसाचार म्हणजे काय, त्याचे प्रकार, पितृसत्ता कुठून आली, हुंडा, दारू, आमच्या केंद्रात आलेल्या चार बायकांच्या कहाण्या, आणि शेवटी समाजाने बदललं पाहिजे. अकरा फुलस्केप झाले. रात्री दीडला शेवटचं पान लिहिलं तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, इतकं मनापासून लिहिलं होतं.

तीसपैकी अकरा गुण मिळाले. वर लाल शाईत दोन शब्द, ‘प्रश्न वाचा’.

मला काय वाटलं असेल ते तुम्ही ओळखाल. ती वही मी ट्रंकेत खाली टाकली, वर गोधड्या टाकल्या. नवऱ्याला सांगितलं, बरे पडले गुण. दोन महिने पुस्तकाला हात लावला नाही. मग एका समंत्रक बाईंनी बोलावून घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्या हातात पेन्सिल दिली आणि म्हणाल्या, प्रश्नातल्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा आणि सांगा, तो शब्द इथे कशाला आहे.

तेच आता आपण करू. ‘अधिनियम, २००५’, म्हणजे विषय हा कायदा आहे, हिंसाचार नव्हे. माझी पहिली पाच पानं इथेच वाया गेली. ‘अंमलबजावणी’, म्हणजे कायद्यात काय लिहिलंय एवढ्यावर भागत नाही, तो प्रत्यक्षात कसा चालतो ते सांगायचंय. ‘अडचणी’, म्हणजे यशाच्या गोष्टी इथे नकोत, किंवा फार तर एका ओळीत. आणि ‘चिकित्सक चर्चा करा’ हा हुकूम आहे. आपण काय करायचं ते तो सांगतो. प्रत्येक प्रश्नात असा एक हुकमाचा शब्द असतो. तो आधी शोधायचा.

हे हुकमाचे शब्द पाच-सहाच आहेत. ‘वर्णन करा’ म्हटलं की पंचनामा. जे आहे ते, क्रमाने, आपलं मत मध्ये न घालता. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की, केंद्रात नवीन आलेल्या मैत्रिणीला एफ.आय.आर. आणि एन.सी. यांतला फरक आपण जसा समजावतो तसं: काय आहे, कसं चालतं, असं का. ‘सोदाहरण’ असेल तर उदाहरण द्यायलाच हवं, नाहीतर गुण कापतात. ‘टीपा लिहा’ असेल तिथे निबंध लिहू नका, अर्धं पान पुरे.

‘तुलना करा’ मात्र फसवा शब्द आहे. बऱ्याच जणी अर्धी पानं एका गोष्टीवर लिहितात, अर्धी दुसरीवर, आणि तुलना झाली असं समजतात. तुलना म्हणजे एकच माप घेऊन दोन्ही गोष्टी मोजायच्या. हे कोणाकडून शिकायचं असेल तर ताराबाई शिंद्यांकडून शिका. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रांनी बायकांच्या जातीवर जे तोंडसुख घेतलं, त्याला उत्तर म्हणून. कॉलेजचं तोंड त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण पद्धत बघा. बाईला जे जे दुर्गुण चिकटवले जातात ते एकेक घ्यायचे आणि विचारायचं, हे पुरुषात नाहीत का? कमी आहेत का? मापाचा गज एकच, तो आधी इकडे लावायचा, मग तिकडे. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापलं म्हणून आपल्या हाती आलं. आपण ते स्फूर्तीसाठी वाचतो. असाइनमेंट कशी लिहावी म्हणूनही वाचून बघा.

आता ‘चिकित्सक’. या शब्दाने सगळ्या घाबरतात. कोणाला वाटतं शिव्या घालायच्या, कोणाला वाटतं गुण आणि दोष अशा दोन याद्या करायच्या. चिकित्सा म्हणजे उलटतपासणी. समोरचा जे म्हणतोय ते कशावरून, त्यात काय गृहीत धरलंय, आणि ते गृहीत खरं आहे का. मथुरा प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना निर्दोष सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार शिक्षकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. पत्रात संताप आहेच, पण ते नुसत्या संतापावर उभं नाही. निकालपत्राचीच त्यांनी तपासणी केली. अंगावर जखमा नाहीत म्हणून संमती होती, असं तुम्ही धरलंत. पण भीतीने शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक नाही का? तो फरक नेमका दाखवला. पुढे देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. चिकित्सा म्हणजे काय असं कोणी विचारलं तर मी ते पत्र पुढे करते.

मग आपल्या फळ्यावरच्या प्रश्नाचं काय करायचं? आधी गज शोधायचा. अडचण म्हणायचं तर कशाच्या तुलनेत? कायदा स्वतःच गज देतो. कलम १२ मध्ये म्हटलंय की अर्ज आल्यापासून साधारणपणे तीन दिवसांच्या आत पहिल्या सुनावणीची तारीख पडावी, आणि पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत अर्ज निकाली काढायचा प्रयत्न व्हावा. आता तुमच्या तालुक्याच्या कोर्टात काय होतं ते आठवा. हसताय ना? तुमचं हे हसणं म्हणजेच उत्तराचा पहिला मुद्दा. फक्त तो नीट मांडायला हवा. तीन दिवस आणि साठ दिवस का पाळले जात नाहीत? नोटीस बजावली जात नाही म्हणून, की संरक्षण अधिकाऱ्याकडे दुसरीही कामं आहेत म्हणून, की कोर्टावर इतर कामाचा भार आहे म्हणून? ही तीन वेगळी कारणं आहेत, त्यांचे उपायही वेगळे. सगळ्याला मिळून ‘शासनाची अनास्था’ म्हटलं की घोषणा झाली, चिकित्सा नाही झाली.

दुसरा मुद्दा घराचा. या कायद्याने बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, ही त्याची मोठी गोष्ट. कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला आणि दोन महिने व्हायच्या आत, त्याच डिसेंबरात, बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या घराचा अर्थ आखडून टाकला. घर सासूच्या स्वतःच्या मालकीचं असेल तर ते सामायिक घर नव्हे, असा. हा अर्थ चुकीचा होता असं त्याच न्यायालयाने आहुजा खटल्यात म्हटलं, ते २०२० च्या ऑक्टोबरात. मधे चौदा वर्षं गेली. त्या चौदा वर्षांत आपल्यापैकी कितीजणींनी बायकांना सांगितलं असेल, "घर सासूच्या नावावर आहे ना, मग कठीण आहे." ही अडचण कर्मचाऱ्यांच्या कमतरतेची नाही, कायद्याचा अर्थ लावण्याची आहे. अशी वर्गवारी केली की परीक्षकाला कळतं की बाई विचार करून लिहितेय.

आणि एक मुद्दा असा आहे की तो लिहिताना माझा हात थांबला होता. कलम १४ प्रमाणे न्यायदंडाधिकारी समुपदेशनाला पाठवू शकतात. पण अर्ज करण्याआधीच, आपल्याच केंद्रात, आपणच कितीदा बाईला म्हणतो, "एकदा बसून बोलू या, मिटतंय का बघू"? कधी ते तिच्या मनासारखं असतं. कधी आपल्याला कोर्टाचे खेटे नको असतात. अंमलबजावणीतल्या अडचणींमध्ये आपलंही नाव येतं का? समंत्रक बाईंनी विचारलं तेव्हा मला राग आला होता. मग मी केंद्राचं रजिस्टर काढून बसले. मोर्चात हे बोलता येत नाही, तिथे समोर दुसरे उभे असतात. कागदावर बोलता येतं. माझ्या मते लिहायला शिकण्याचा चळवळीला जो उपयोग आहे, तो इथे आहे.

रजिस्टरवरून आठवलं. अनुभव हा पुरावा आहे की नाही, हा प्रश्न सकाळी निघाला होता. आहे. पण किती, ते सांगावं लागतं. "बायकांना न्याय मिळत नाही" हे वाक्य परीक्षक खोडणार. समजा तुमच्या रजिस्टरमध्ये एका वर्षात वीस अर्ज आहेत. त्या विसांत पहिली तारीख किती दिवसांनी पडली ते मोजा आणि तेवढंच लिहा: आमच्या केंद्रातून एका वर्षात केलेल्या वीस अर्जांपैकी इतक्यांत असं झालं, यावरून साऱ्या राज्याबद्दल बोलता येणार नाही. हे शेवटचं अर्धं वाक्य लिहिलं की आपलं म्हणणं दुबळं होतं असं वाटतं. उलट आहे. जी बाई आपल्या माहितीची हद्द सांगते, तिच्या उरलेल्या वाक्यांवर विश्वास बसतो.

अनुभवाच्या पुराव्याचं माझं आवडतं उदाहरण एका विद्यार्थिनीचंच आहे. मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. १८५५ साली तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. वय तुमच्या-माझ्या मुलींएवढं. तिने दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, समोरच्याचं म्हणणं घेतलं, वेद फक्त ब्राह्मणांचे, आणि ते तसंच धरून पुढे चालवत नेलं: म्हणजे मग आमचा धर्मग्रंथ कोणता, आम्ही धर्माचे कोण? दुसरी म्हणजे, आपल्या वस्तीतल्या बाळंतिणींना डोक्यावर छप्पर नाही, थंडीपावसात काय होतं, ते सांगितलं. युक्तिवादाला अनुभवाचा टेकू आणि अनुभवाला युक्तिवादाचा. माझ्या अकरा पानांत नुसत्या कहाण्या होत्या. कहाणीवरून पुढे काय म्हणायचंय, ते नव्हतं.

आता मला जे बोलायचंय ते जरा जड आहे.

दुसऱ्या वर्षी माझी असाइनमेंट चांगली झाली. इतकी, की ती नमुना म्हणून वर्गात फिरली. मुलींनी झेरॉक्स काढल्या. त्यात मी आमच्या केंद्रातल्या एका बाईची हकिगत दिली होती. नाव बदललं होतं. पण गाव तेच ठेवलं, नवऱ्याचा धंदा तोच ठेवला, मुलीचं आजारपणही लिहिलं, कारण त्याने वाचणाऱ्याच्या काळजाला हात लागत होता. झेरॉक्स त्याच तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीच्या हातात गेली. तिने ओळखलं. वाईट हेतू नव्हता तिचा, घरी सहज बोलली. महिन्याभराने ती बाई केंद्रात आली. बसली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, माझं घर तुमच्या वहीत कसं गेलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. माफी मागितली. ती पुन्हा केंद्रात आली नाही. तिचा अर्ज पुढे दुसऱ्या संस्थेने चालवला असं कळलं.

म्हणून सांगते. केस तुमची नसते, त्या बाईची असते. लिहायचं असेल तर तिला आधी विचारा, आणि नुसतं "लिहू का" असं नको. हे कोण वाचणार, वही कुठे जाणार, परत मिळणार की नाही, हे सांगून विचारा. ती अडचणीत असताना, तुमच्या टेबलासमोर मदत मागत असताना विचारू नका, तेव्हा ती नाही म्हणूच शकत नाही. हो म्हणाली तरी मुद्द्याला जे लागत नाही ते गाळा. सुनावणी किती दिवसांनी झाली हा मुद्दा असेल तर नवऱ्याचा धंदा कशाला हवा? आणि तपशील बदलले असतील तर ‘ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत’ असं खाली लिहा. यासाठी गुण कमी पडले तर पडू देत.

उसनवारीचंही सांगून टाकते. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर कोणाची आणली ते आपण विसरत नाही. पुस्तकातलं, लेखातलं वाक्य आणलं की तसंच लक्षात ठेवायचं. वाचतानाच चिठ्ठीवर लेखक, पुस्तक, साल, पान लिहून ठेवा. नंतर शोधू म्हटलं तर सापडत नाही, मी एका पानासाठी दोनदा एस.टी.ने जिल्हा ग्रंथालयात गेलेय. जसंच्या तसं घेतलं तर अवतरण चिन्हं, आपल्या शब्दांत घेतलं तरी नाव द्यायचंच. कायद्यावर लिहिताना गाईड बाजूला ठेवा आणि कायद्याची मूळ प्रत वाचा. गाईडवाल्याने कलमाचा आकडा चुकवला तर तुम्हीही चुकता.

तयार उत्तरांचा बाजार पूर्वी झेरॉक्सच्या दुकानात होता, आता फोनवर आहे. प्रश्न टाकला की यंत्र पानभर उत्तर लिहून देतं, मराठीत सुद्धा. मी वापरून बघितलंय. अवघड इंग्रजी परिच्छेद सोपा करून घ्यायला बरं पडतं. पण एका मुलीने त्यातून घेतलेला खटला असाइनमेंटमध्ये घातला, आणि तसा खटला कधी झालेलाच नव्हता. यंत्राने नाव-सालासकट रचून दिला होता. तुमच्या कोर्टात तारीख कधी पडते हे त्याला माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे. शिवाय, केंद्रातल्या बायकांची माहिती त्याच्यात टाकू नका, मघाशी सांगितलं त्याच कारणासाठी.

राहिला वेळेचा प्रश्न. तो सगळ्यांत कठीण आहे, कारण तो वहीत सुटत नाही, घरात सुटतो. सबमिशन ३० नोव्हेंबरला आहे असं धरा. आपण काय करतो? ३० ची तारीख डोक्यात ठेवतो आणि २८ ला बसतो. पण २५ नोव्हेंबर हा हिंसाचारविरोधी दिन, तिथून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंत पंधरवडा चालतो. पथनाट्यं, सभा, पत्रकं. त्या पंधरवड्यात कोण लिहिणार? म्हणजे तुमची खरी तारीख २० आहे. तिथून मागे मोजत या. मध्ये दिवाळी येत असेल तर तो आठवडा खोडा, फराळ करून असाइनमेंट होत नाही, मी दोन्ही करून पाहिलंय. पोरांच्या सहामाहीचे दिवस खोडा. उरतात ते दिवस बघा. आणि ३ जानेवारी ते ८ मार्च या काळात ज्यांचं सबमिशन आहे त्यांनी तर आजच सुरू करा.

मला एका असाइनमेंटला बारा-तेरा तास लागतात. सलग कोणालाच मिळत नाहीत. पण सगळ्या कामाला सलग वेळ लागतही नाही. प्रश्नाखाली रेघा मारायला अर्धा तास पुरतो. एक कलम वाचून एक चिठ्ठी करायला, कुकर होईपर्यंतचा वेळ पुरतो. सलग दोन-तीन तास लागतात ते एकदाच, पहिला खर्डा लिहायला. ते मिळवावे लागतात. आम्ही तिघींनी ठरवलं होतं, मंगळवारी दुपारी एकीची पोरं दुसरीकडे, शनिवारी उलट. घरात मात्र तारीख जाहीर करा. मी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहायचे, ‘आईचं सबमिशन’. मुलांच्या परीक्षेला घर जसं गप्प बसतं, तसं आईसाठी बसायला आमच्या घराला दीड वर्ष लागलं. सासूबाई आधी बसल्या, हेही सांगायला हवं. नवरा शेवटी.

खर्ड्याआधी बाराशे शब्द वाटून घ्या. माझ्या अक्षरात एका फुलस्केपवर पावणेदोनशे शब्द बसतात, म्हणजे सातच पानं. प्रस्तावनेला पाऊण पान, तेही प्रश्नाला धरून. मी कशाबद्दल आणि कुठल्या क्रमाने बोलणार, एवढंच. मानवजातीच्या आरंभापासून सुरुवात नको. मग तीन किंवा चार मुद्दे, प्रत्येकाला दीड पान. मुद्दे सात असतील तर तीन निवडा, बाकीचे सोडवत नाहीत हे मला माहीत आहे, तरी सोडा. लिहून झालं की एक दिवस वही मिटून ठेवा. मग प्रश्न पुन्हा वाचा आणि प्रत्येक परिच्छेदाला विचारा, तू इथे कशाला आलास? उत्तर नसेल तर तो परिच्छेद काढायचा, कितीही सुंदर असला तरी. आणि मैत्रिणीला वाचून दाखवा. तिने चुका दाखवायच्या, वाक्यं द्यायची नाहीत. तिची वाक्यं तिच्या वहीत राहू देत.

आता चहा आलाय. चहानंतर चार-चारजणींचे गट करू. प्रत्येकीने आपला प्रश्न वहीच्या कोऱ्या पानावर मोठ्या अक्षरात लिहायचा, हुकमाच्या शब्दाभोवती गोल करायचा, बाकीच्या शब्दांखाली रेघा मारायच्या, आणि गटाला सांगायचं की तो शब्द तिथे कशाला आहे. उत्तर आज कोणीही लिहायचं नाही. ज्या दोघींचं सबमिशन पुढच्या सोमवारी आहे, त्यांनी माझ्याजवळ येऊन बसा. येताना कॅलेंडर आणा.